खाण नवी, धूळ जुनीच

आमच्या वस्तीमागची जुनी दगडखाण नव्या मालकांनी घेतली आणि वर्षभरात तिचे रूप पालटले. मोठा स्वयंचलित क्रशर आला, खडीबरोबर कृत्रिम वाळूही निघू लागली. माझा याला विरोध नाही. मुंबई याच दगडाने घडवली. फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीत कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड आजही शेजारी शेजारी दिसतात. माझे आजोबा वडार. सुतकी (दगड फोडायचा मोठा हातोडा) आणि छिन्नीने दगड फोडून त्यांनी आम्हाला वाढवले, म्हणून हे लिहितो आहे.

यंत्र बदलले, पण धूळ तशीच आहे. सुरुंगासाठी दगडात भोके पाडताना पाणी सोडले, खडीचे सरकते पट्टे झाकले आणि क्रशरच्या तोंडाशी फवारे चालू ठेवले, तर ती जागच्या जागी बसते. सुरुंगाची भोके एकदम न उडवता मिलिसेकंदांच्या अंतराने उडवली की हादराही कमी होतो. आमच्याकडे मात्र दुपारी भांडी थरथरतात आणि वाळत घातलेले कपडे संध्याकाळी पांढुरके होतात. डंपरवर ताडपत्रीसुद्धा नसते!

सुरुंगाची वेळ आदल्या दिवशी फलकावर लिहावी, हादऱ्यांची मोजणी रहिवाशांसमोर व्हावी. आणि हाताने खडी फोडणाऱ्या ज्या बायकांचे काम या यंत्राने गेले, त्यांना तिथेच शिकवून आधी कामावर घ्यावे.

- एक रहिवासी, मालाड (पूर्व)