‘प्रोव्हाइड’ म्हणजे फुकट नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी चिपळूणची निवृत्त इंग्रजी शिक्षिका. आखातात किंवा गोव्याच्या हॉटेलांत नोकरीला निघालेली आमची जुनी मुले सही करण्याआधी नेमणुकीचे पत्र मला दाखवायला आणतात. परवा असेच एक पत्र आले. त्यात ‘अकोमोडेशन विल बी प्रोव्हायडेड’ असे वाक्य होते आणि घरच्यांनी ‘राहायचे फुकट’ असा अर्थ लावून हिशेबही मांडला होता. मागच्या पानावर खोलीचे भाडे पगारातून कापण्याचे कलम होते.

मालकाने खोटे काहीच लिहिले नव्हते. प्रोव्हाइड करणे म्हणजे पुरवणे, सोय करून देणे. पैसे कोणी मोजायचे हे त्या क्रियापदात नाही. फुकट द्यायचे तर तसे वेगळे लिहावे लागते. आपल्या राज्यघटनेतही तेच केले आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २१क सांगतो की सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना राज्य शिक्षण ‘शॅल प्रोव्हाइड’. पण शिक्षणाच्या आधी ‘फ्री’ आहेच. अनुच्छेद ३९क मध्ये कायदेविषयक मदतीच्या आधीही तो आहे. तो गाळला असता तर शाळा काढून फी घेतली तरी शब्दशः ‘प्रोव्हाइड’ झालेच असते.

क्रियापदाच्या मागचा शब्दही तितकाच बघायचा. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये हेच शिक्षण दहा वर्षांत देण्याचा राज्य ‘प्रयत्न करील’ असे होते, ‘शॅल एन्डेव्हर टू प्रोव्हाइड’. १९६० साल येऊन गेले. पक्के बंधन लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. म्हणून पत्रात ‘मे बी प्रोव्हायडेड’ दिसले की मी मुलांना तिथे पेन्सिलीने खूण करायला लावते. मिळाले तर मिळाले, नाही तर बोलायला जागा नाही.

‘प्रोव्हायडेड दॅट’चे तर आणखी वेगळे. विम्याच्या कागदात हे शब्द आले की पुढे काही मिळायचे नसते, अट यायची असते. आपले मराठी कायदे तिथे सरळ ‘परंतु’ लिहितात. आणि ‘प्रोव्हाइड फॉर’ म्हणजे पुढची तरतूद करून ठेवणे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच पुढचे पाहणे असा आहे; प्रॉव्हिडंट फंडातला ‘प्रॉव्हिडंट’ त्याच घरातला.

शाळेत मात्र हा शब्द गाळलेल्या जागेपुरता येतो. माणूस आधी आला तर वस्तूच्या मागे ‘विथ’, वस्तू आधी आली तर माणसाच्या मागे ‘टू’ किंवा ‘फॉर’. एक गुण, संपले. हे यायलाच हवे. पण नववी-दहावीच्या वर्गात नेमणुकीचे एखादे पत्र, विम्याचे एखादे पान वाचून घ्यायला काय हरकत आहे? मुलांना पुढे तेच वाचावे लागते, आणि तेव्हा शेजारी शिक्षक नसतो.

आपल्या नोकरीविषयक पानावर दर आठवड्याला कराराचे एक वाक्य घेऊन ते उलगडून द्यावे, ही विनंती. सुरुवात राहण्या-जेवणाच्या कलमापासून करावी. आमच्याकडची मुले सर्वांत जास्त तिथेच फसतात.

एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण