पहिल्या तीन टाक्या माझ्या शेजारी उभं राहिलेल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

पावसात उन्मळून पाण्याच्या पाटावर आडवा पडलेला फणस काल पूर्ण मोकळा झाला. शिंपणं सुरू व्हायच्या आत पाटाचं तोंड उघडलं. हे मी एकट्याने केलं असं वाड्यावर लोक बोलतायत. ते खरं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

वाळपईहून नवा चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं साखळीचं मशीन, आणला त्या संध्याकाळी मी टाकीत साधं पेट्रोल ओतून दोरी ओढायला वाकलो होतो. तुम्ही गडग्यापलीकडून, म्हणजे आपल्या मधल्या दगडी कुंपणापलीकडून, विचारलंत, “ऑईल घातलंस रे?” टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलातून जाईल तेवढंच वंगण मिळतं, कोरडं चाललं तर पिस्टन सिलिंडरला धरतो, हे तुम्ही टाकी रिकामी करता करता समजावलंत. आवाज जरासुद्धा चढवला नाहीत. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत ५० ला १ होतं, म्हणून लिटरला २० मिली टू-टी ऑईल. तेही दोन दिवसांना पुरेल एवढंच कालवायचं, कारण इथेनॉलचं पेट्रोल हवेतली ओल ओढतं आणि आपल्या सत्तरी तालुक्यात ओलीला काय तोटा!

मला त्याच दिवशी फणसाला भिडायचं होतं. तुम्ही साखळी रात्रभर तेलात भिजत घालायला लावलीत, आणि दुसऱ्या दिवशी काजूच्या वाळक्या फांद्या पुढ्यात टाकल्यात. पहिल्या तीन टाक्या मोकळ्या हवेत ट्रिगर पूर्ण दाबायचा नाही. नवी मोटरसायकल फ्री करतात तसंच, रिंगा आणि सिलिंडर घासून एकमेकांशी जुळायला हवेत. मोठा काप झाला की लगेच बंद न करता थोडा वेळ मंद चालू ठेवायचा, म्हणजे पंख्याची हवा उष्णता काढून नेते.

साखळीपायी मात्र तुम्ही मला छळलंत, आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त आभार. नवी साखळी भराभर ढिली पडते. दर दहा मिनिटांनी मशीन बंद, पाना हातात. साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या खालच्या कडेला ती टेकलेली हवी, तरी हातमोज्याने ओढली की सरकायला हवी. काम संपलं की ती सैल करायची, नाहीतर गार होताना आखडून पट्टीला ओढते. वंगण पोचतंय का ते पाहायला तुम्ही पट्टीचं टोक पोफळीच्या विरीपासून (झावळीच्या रुंद देठापासून) वीतभर लांब धरून मशीन चालवलंत. विरीवर तेलाची बारीक रेघ उठली. ती युक्ती मी आता मुलालाही दाखवलीय. साखळीसाठी जळकं ऑईल वापरू दिलं नाहीत, कारण ते शेवटी पाटाच्या पाण्यातच जातं.

तिसरी टाकी संपली त्या दिवशी आपण फणसाकडे गेलो. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं, मध्ये पोकळी. मी सरळ वरून आरपार कापणार होतो. तुम्ही तळहात खोडावर ठेवून म्हणालात, “वरची बाजू दाबलीय, पट्टी चिमटेल.” मग वरून एक तृतीयांश, आणि उरलेलं खालून वर. शेवटचा धागा तुटला तसं खोड हळूच खाली बसलं. पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही, मशीन उसळून अंगावर येतं, हे तुम्ही कितीदा सांगितलंत याचा हिशोब नाही. माझे दोन्ही हात शाबूत आहेत ते त्यामुळे.

शेजारचं कलतं माट्टीचं झाडही त्याच झपाट्यात उतरवू म्हणालो, तेव्हा तुम्ही मशीनचं बटण बंद केलंत. उभ्या झाडाला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि माट्टी तर गोव्याचा राज्यवृक्ष. ती आहे तशीच उभी आहे. आता तिच्याकडे बघून बरं वाटतं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा उभ्याने प्यालात. काकींच्या विळीचा पाट चिरलाय असं त्या माझ्या आईला म्हणाल्या होत्या. फणसाच्या मधल्या भागातला सरळ, पिवळा तुकडा मी त्यांच्यासाठी सावलीत रचून ठेवलाय. पुढच्या गणेश चवथीपर्यंत नीट वाळेल. तोवर त्याला कोणी हात लावणार नाही.

तुमचाच,
गडग्याअलीकडचा