चाचणी कोणासमोर झाली?

महोदय,
नव्या शस्त्रांचे मोठमोठे दावे लगेच खरे मानू नयेत. इराणने २०१३ साली ‘काहेर-३१३’ हे रडारला चकवणारे विमान वाजतगाजत दाखवले. वैमानिक आत जेमतेम मावत होता! जाणकारांनी त्याला तेव्हाच नुसता सांगाडा ठरवले. त्याआधी २००८ मध्ये त्यांच्याच फोटोत तीन क्षेपणास्त्रांची चार झाली होती. रशियाचे ‘किंझाल’ क्षेपणास्त्र कोणीच अडवू शकणार नाही, असे पुतिन २०१८ मध्ये सांगत होते. मे २०२३ मध्ये कीव्हवर ‘पॅट्रियट’ या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेने ते पाडले.

अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका अशा दाव्याची बातमी आली की एवढंच विचारतात, “चाचणी कोणासमोर झाली?” टीव्हीवाल्यांना हे का सुचत नाही? आपल्याकडच्या शस्त्रांच्या दाव्यांनाही हाच प्रश्न विचारावा. त्यात देशद्रोह कसला?

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर