प्रचारपटांतील युद्धचित्रण मोडीत काढू नये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातील सरकारी अनुबोधपटांचा विषय निघाला की ‘तो सगळा प्रचार होता’ एवढे म्हणून बहुतेक जण तो मिटवून टाकतात. प्रचार होताच, याबद्दल वाद नाही; शत्रू क्रूर, आपला जवान हसतमुख आणि विजय ठरलेला, हा त्या निवेदनाचा साचाच होता. परंतु निवेदन आघाडीपासून दूर, सुरक्षित कचेरीत बसून लिहिले जात होते आणि चित्रण मात्र पुष्कळदा प्रत्यक्ष आघाडीवर होत होते. या दोहोंना एकच न्याय लावल्याने आपण एका दुर्मीळ पुराव्याला मुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या महायुद्धातील, १९१६ सालचा ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा ब्रिटिश चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. खंदकातून वर चढणारे आणि चढता चढता कोसळणारे सैनिक हे त्यातील सर्वांत गाजलेले दृश्य चक्क अभिनीत आहे. सैनिकांच्या पाठीवर सामान नाही, खंदक उथळ आहे, आणि कॅमेरा जिथे उभा आहे तिथे खऱ्या चढाईत कॅमेरामन क्षणभरही टिकला नसता. पण त्याच चित्रपटात १ जुलै रोजी सकाळी ७.२० वाजता हॉथॉर्न टेकडीखाली उडवलेल्या सुरुंगाचे कॅमेरामन जेफ्री मॅलिन्स यांनी केलेले चित्रण आहे आणि ते शंभर टक्के खरे आहे. खरे आणि बनावट एकाच रिळात नांदते. ते वेगळे करता येते, कारण लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने हा चित्रपट जपला आणि अभ्यासकांनी त्यातील दृश्यन् दृश्य तपासले. २००५ साली युनेस्कोने त्याचा जागतिक स्मृतिठेव्यात समावेश केला, तो काही त्यातील प्रचारावर भाळून नव्हे.

‘डेझर्ट व्हिक्टरी’ची गोष्टही अशीच. इजिप्तमधील एल अलामीनच्या लढाईवरील या १९४३ च्या चित्रपटात रात्रीच्या तोफमाऱ्यातील काही जवळची दृश्ये इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत घेतली होती; उरलेल्यापैकी बरेचसे चित्रण लष्कराच्या कॅमेरामननी वाळवंटात केले. हे कॅमेरामन रिळांसोबत ‘डोपशीट’ नावाचा कागद धाडत: तारीख, ठिकाण, तुकडी आणि कोणत्या दृश्यात काय आहे याची नोंद. मला विचाराल तर युद्धचित्रणाची निम्मी किंमत या कागदात आहे. चावीच्या कॅमेऱ्यात शंभर फुटांचे रीळ मावे आणि ते जेमतेम मिनिटभर चाले. म्हणून एकच चकमक समोरून, बाजूने आणि शिवाय शत्रूच्या पाठीमागूनही सलग दिसू लागली, तर ती संकलकाच्या टेबलावर जुळली आहे असे खुशाल समजावे.

मुंबईकरांना हा विषय परका नाही. १९४३ साली ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ ही सरकारी लघुपट संस्था आणि ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट येथूनच सुरू झाले, आणि भारत संरक्षण नियमांखाली सरकारमान्य लघुपट दाखवण्याची सक्ती चित्रपटगृहांवर झाली. १९४६ मध्ये हे काम थांबले. १९४८ मध्ये भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने ते वेगळ्या हेतूने पुढे नेले, आणि १९६२, १९६५ व १९७१ ची युद्धे गावोगावच्या प्रेक्षकांनी तिच्याच वार्तापटांत पाहिली. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पण ही जुनी रिळे आपोआप टिकत नाहीत: नायट्रेट फिल्म पेट घेते, नंतरची ॲसिटेट फिल्म आंबूस वास सोडत कुजते. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला लागलेल्या आगीत किती जुन्या फिल्म भस्मसात झाल्या, हे चित्रपटप्रेमींना सांगायला नको.

यात मराठी माणसाचा स्वतंत्र हक्कही गुंतलेला आहे. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फंट्रीच्या वीरांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतील लढायांसाठी. त्या आघाडीवर चित्रित झालेला जवान निवेदकासाठी नुसता ‘भारतीय सैनिक’ असतो. तो कोणत्या पलटणीचा, हे कळण्याची आशा मूळ रीळ आणि त्यासोबतची नोंद यांतच आहे.

म्हणून विनंती अशी की, मुंबई-पुण्यातील सरकारी संग्रहांतील युद्धविषयक वार्तापटांची दृश्यवार सूची करून ती अभ्यासकांना खुली करावी, आणि उपलब्ध असतील तिथे न कापलेली रिळेही जपावीत. केवळ पूर्ण झालेले लघुपट स्वच्छ करून दाखवणे पुरेसे नाही. दुसरी विनंती वृत्तवाहिन्यांना आहे. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी जुन्या चित्रफिती, इतकेच नव्हे तर व्हिडिओ गेममधील दृश्येही ताजी म्हणून फिरली. युद्धाचे कोणतेही चित्रण दाखवताना ते कधीचे, कुठले आणि कोणी घेतलेले, एवढी एक ओळ पडद्यावर द्यावी. आणि ही माहिती हाती नसेल, तर तेही त्याच ओळीत लिहावे.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई