विषय: रुग्णालयाच्या नव्या वीजयंत्रणेतील गंभीर त्रुटींबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या ४० खाटांच्या रुग्णालयात नवा ट्रान्सफॉर्मर, १२५ केव्हीएचा जनरेटर, एएमएफ पॅनेल (वीज जाताच जनरेटर आपोआप सुरू करून लोड त्यावर घेणारे) आणि यूपीएस बसवण्याचे काम आपल्या कंपनीने एप्रिलमध्ये संपवले. शेवटचा हप्ता वगळता सगळे पैसे आम्ही दिलेले आहेत.

१२ जूनच्या रात्री वादळात ११ केव्हीची लाइन गेली. आत सिझेरियन चालू होते. वर्क ऑर्डरप्रमाणे जनरेटरने १० सेकंदांत लोड घ्यायचा आणि तेवढा वेळ यूपीएसने निभावून न्यायचा. जनरेटर सुरू झालेला आम्ही सगळ्यांनी ऐकला, पण लोड आलाच नाही. यूपीएसवर असायला हवा होता तो टेबलावरचा दिवाही विझला. पोट उघडलेले होते आणि सिस्टर दोन मोबाइलचे टॉर्च धरून उभ्या होत्या. शेजारच्या कक्षात नवजात बाळांना ऊब देणारे दोन वॉर्मर बंद पडले. तिथल्या सिस्टरांनी दोन्ही बाळे शालीत गुंडाळून छातीशी धरली. आमच्या वायरमनने पावसात धावत जाऊन पॅनेलवरून लोड हाताने जनरेटरवर टाकला, त्यात चार मिनिटे गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण त्याचे श्रेय आपल्या कामाला नाही.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सगळे उघडून पाहिले. आपल्याच ड्रॉइंगमध्ये दिवा आणि वॉर्मर यूपीएसवर दाखवले आहेत. प्रत्यक्षात ते साध्या सप्लायवर जोडलेले निघाले. जनरेटरकडच्या काँटॅक्टरची (लोड जोडणाऱ्या स्विचची) कंट्रोल वायर टर्मिनलमधून सुटलेली होती. ॲल्युमिनियमची केबल बायमेटल लग (दोन धातूंमधला जोडतुकडा) न वापरता थेट तांब्याच्या बसबारवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) कसली आहे आणि तिथले इन्सुलेशन दोनच महिन्यांत तपकिरी पडले आहे. असा जोड तापत जातो आणि आग लागते, हे आपल्या इंजिनिअरना माहीत नसेल यावर विश्वास बसत नाही.

अर्थिंगच्या रिपोर्टात आठही खड्ड्यांचे रीडिंग ०.८ ओहम आहे. एक खड्डा विहिरीजवळच्या ओल्या मातीत आहे, एक मुरमाड उंचवट्यावर. दोन्हीकडे एकच आकडा कसा येईल? मीटर घेऊन आलेला माणूस आमच्याकडे कोणीही पाहिलेला नाही. ताबा देताना जनरेटर पाच मिनिटे लोडविना चालवून दाखवला, तेवढीच काय ती चाचणी झाली.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत १० बाळे गेली. त्यानंतरच आम्ही कर्ज काढून हे काम करायचे ठरवले. म्हणून तीन वेळा फोन केल्यावर ‘आधी व्हिजिट चार्ज भरा’ हे उत्तर ऐकून फार संताप आला.

सात दिवसांत माणसे पाठवून या चुका विनामूल्य दुरुस्त कराव्यात. त्यानंतर आमच्या समोर मेन सप्लाय पाडून पूर्ण लोडवर चाचणी घ्यावी आणि प्रत्येक खड्डा मोजून नवा रिपोर्ट द्यावा. तोवर शेवटचा हप्ता मिळणार नाही. आठव्या दिवशी ही सगळी कागदपत्रे आणि फोटो विद्युत निरीक्षकांकडे जातील.

शस्त्रक्रिया सकाळी असतात, त्यामुळे दुपारी दोननंतर यावे. अर्थ टेस्टर सोबत आणावा.

आपला,
वैद्यकीय संचालक