निधनवार्तेत न मावलेले चाक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आमच्या आबांची निधनवार्ता आली. वय, पश्चात परिवार, रक्षाविसर्जनाची वेळ, सगळे बरोबर होते. ‘निवृत्त सुतार’ हे दोन शब्द आम्हीच लिहून दिले होते. पण खानापूर-बेळगाव भागात सुतार म्हणजे दारे-खिडक्या करणाराही असतो. आबा बैलगाडीचे चाक करायचे, आणि ते काम वेगळे आहे.

पाच फुटी चाकाला तुंबा, म्हणजे आरे बसतात तो मधला ठोकळा, एक, आरे बारा आणि घेराचे कमानदार तुकडे सहा, म्हणजे एका तुकड्यात दोन आरे. लाकूड बाभळीचे. तुंब्याचा ओंडका दोन उन्हाळे सावलीत पडून राही. ओल्या लाकडात ठोकलेला आरा पुढच्या चैत्रात खुळखुळतो, मग कितीही पाचरी मारा. बारा भोकांची आखणी मोजपट्टीशिवाय होई: तुंब्यावर वर्तुळ काढायचे, कंपास तेवढाच उघडा ठेवून घेरावर सहा खुणा करायच्या आणि प्रत्येक दोन खुणांच्या मध्ये एक. साल-कुसू, म्हणजे भोक आणि त्यात बसणारे आऱ्याचे टोक, मात्र घट्टच हवे. हाताने आत जाणारा आरा आबा बाजूला टाकत.

घेराच्या दोन तुकड्यांच्या जोडात ते मुद्दाम बारीक फट ठेवत. बघणाऱ्याला ती चूक वाटे. पण धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, आवळली की फट मिटते आणि आरे तुंब्यात दाबले जातात. फट नसेल तर तुकडे एकमेकांनाच अडतात आणि आरे सैल राहतात. जास्त असेल तर आरे वाकतात.

धाव चढवायचे काम लोहाराबरोबर. पाच फुटी चाकाचा घेर पावणेसोळा फुटांच्या आसपास, धावेचा आतला घेर त्याहून पाऊण ते एक इंच कमी. धाव दगडांवर आडवी ठेवून खाली-वर शेणी रचायच्या. लोखंड मंद लाल झाले की घेर इंचाहून थोडा जास्त वाढतो, तेवढ्यात ती बसवायची. चौघे सांडशी धरून उचलत, घण पडत आणि लगेच चहूबाजूंनी पाणी. पाण्याला उशीर झाला तर लाकूड जळून घेर बारीक होतो आणि धाव पहिल्याच उन्हाळ्यात निसटते. एकाच बाजूने ओतले तर चाक डुलते. यल्लम्माच्या डोंगराला भरत पौर्णिमेला निघणाऱ्या गाड्यांची चाके आबा आधी हातोडीने वाजवून बघत. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद आला तर कुठेतरी सांधा सुटलेला. उन्हात धाव ढिली झाली की लोक चाक नदीत भिजवत ठेवतात. आबांच्या मते ती चार दिवसांची सोय. खरा उपाय धाव कापून लहान करणे, पण ते खर्चाचे, म्हणून सगळे मलप्रभेवरच भागवायचे!

आता ऊस रबरी टायरच्या गाडीतून जातो, त्यामुळे नवे चाक मागायला कोणी येत नाही. शर्यतवाले येत, आरे बारीक करून मागत. त्यांना आबा चहा पाजून परत पाठवत.

घेराचे तुकडे आखायच्या त्यांच्या लाकडी फळ्या, साडेचार आणि पाच फुटी चाकांच्या, आमच्याकडे आहेत. ज्याला चाक करायचे असेल त्याने येऊन मापे उतरवून घ्यावीत.

आपली,
आबांची नातवंडे
ता. खानापूर, जि. बेळगाव