प्रेसला पडदा लावला, पण क्लच कुठला?

संपादक महोदय,

चार्ल्स डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ (1854) ही कादंबरी बहुतेकांना आठवते ती त्यातल्या ग्रॅडग्राइंड या पात्राच्या आकड्यांच्या वेडामुळे. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपवाल्यांनी, म्हणजे पत्रा दाबून-कापून सुटे भाग काढणाऱ्या यंत्रांच्या मालकांनी, मात्र दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण वाचावं. कादंबरीतल्या कोकटाउन शहराचे गिरणीमालक, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, सतत बुडत असतात. निरीक्षक नेमले, बुडाले. यंत्रात माणसं कापली जाणं बरोबर का, अशी शंका त्या निरीक्षकांनी काढली, पुन्हा बुडाले. यंत्रांना कुंपण घालण्याचा कायदा तिकडे इंग्लंडात 1844 सालीच झाला होता! आपल्याकडे कारखाने अधिनियम, 1948 चं कलम 21 तेच सांगत आलं.

आता ‘बुडालो’ असं कोणी म्हणत नाही. लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की यंत्राला थांबायला सांगणारा प्रकाशकिरणांचा पडदा, बसवतात आणि सुटे भाग घेणाऱ्या कंपनीच्या ऑडिटला फोटो पाठवतात. पण प्रेस जुन्या की-क्लचचा (फिरतं चाक आणि क्रँक एका खिळीने, म्हणजे ‘की’ने, जोडणारा) असेल तर तो पडदा निव्वळ शोभेचा. की एकदा गुंतली की क्रँकचा फेरा पुरा होईपर्यंत सुटत नाही. किरण तुटला तरी स्लाइड, म्हणजे प्रेसचा वरखाली होणारा भाग, खाली येणारच. की किंवा स्प्रिंग झिजली तर पॅडल न दाबताही दुसरा स्ट्रोक बसतो. अशा प्रेसला बोट शिरणार नाही असा डायभोवतीचा (साच्याभोवतीचा) बंद गार्डच हवा, नाहीतर फेरा मध्येच थांबवू शकणारा, हवेच्या दाबावर चालणारा न्यूमॅटिक क्लच-ब्रेक बसवून घ्यावा.

तो बसवला तरी पडदा कुठे लावायचा याचं गणित असतं. हाताचा वेग सेकंदाला 2000 मिमी धरतात. स्लाइड थांबायला 0.2 सेकंद लागत असतील तर पडदा धोक्याच्या जागेपासून निदान 400 मिमी लांब हवा, किरणांमधली फट मोठी असेल तर आणखी लांब. ब्रेक लायनर झिजलं की थांबायचा वेळ वाढतो आणि काल पुरेसं असलेलं अंतर आज अपुरं पडतं. हा वेळ मोजलाच जात नसेल, तर पडद्याचा भरवसा काय?

दोन्ही हात गुंतलेले राहावेत म्हणून दिलेल्या दोन हातांच्या बटणांचंही तेच. साधी जोडणी असली की एका बटणात पाचर ठोकून दुसरा हात मोकळा केला जातो. पीस रेटवर (नगावर मजुरी) काम म्हटल्यावर दुसरं काय होणार? दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली, आणि आधीच्या स्ट्रोकनंतर दोन्ही सुटली, तरच स्ट्रोक मिळेल असं सर्किट हवं.

त्यात 2020 च्या कामगार सुरक्षा व आरोग्यविषयक केंद्रीय संहितेने विजेवर चालणारं युनिट ‘कारखाना’ ठरण्याची मर्यादा 10 कामगारांवरून 20 वर नेली आहे. जॉब वर्कच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी भाग करून देणाऱ्या, कितीतरी शेडमध्ये तेवढी माणसंच नसतात, म्हणजे त्या ‘कारखाना’ ठरतच नाहीत. म्हणून सुटे भाग घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ऑडिटमध्ये फोटोऐवजी क्लचचा प्रकार आणि थांबण्याचा मोजलेला वेळ मागावा, आणि क्लच बदलण्याचा खर्च दरात धरून द्यावा.

– एक वाचक, भोसरी